कांद्याच्या पापुद्र्यात केंद्रक निम्म्याच पेशींत का दिसतं?

काचपट्टी: आठवीच्या मुलांसाठी स्लाइड करायची आहे. सॅफ्रॅनिन या लाल रंगद्रव्याने पेशीभित्तिका झकास लाल होतात, पण केंद्रक निम्म्या पेशींत सापडत नाही. सापडलं तरी एका कडेला चिकटलेलं. आणि पुस्तकातली केंद्रकी छिद्रं (केंद्रकाच्या आवरणातली) ४०एक्स भिंगाखालीही का दिसत नाहीत?

पेशीपुराण: केंद्रक आहे, तुमचा फोकस दुसऱ्या पातळीवर आहे. कांद्याच्या पेशीचा बहुतेक भाग रिक्तिकेने (द्रवाने भरलेल्या पिशवीने) व्यापलेला असतो. पेशीद्रव्याचा पातळ थर आणि त्यातलं केंद्रक भिंतीकडे ढकललं जातं. वरच्या किंवा खालच्या भिंतीपाशी असेल तर मधोमध गोल दिसतं, बाजूच्या भिंतीपाशी असेल तर चपटं. सूक्ष्म फोकसचा स्क्रू हळूहळू वरखाली फिरवा, एकेक उगवत जातील.

रंग बदला. १ ग्रॅम आयोडीन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ३०० मिली पाणी. आधी आयोडाइड थोड्याशा पाण्यात विरघळवा, मग आयोडीन, नाहीतर ते तळाशी तसंच राहतं. पापुद्रा मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्या आणि लगेच पाण्यात टाका. कोरडा पडला की गुंडाळतो. दोन मिनिटं रंग, मग पाण्याने धुवा. कव्हर स्लिप तिरकी टेकवून सावकाश सोडा. घाई केली की हवेचे बुडबुडे, आणि जाड काळ्या कडेचा बुडबुडा मुलं हमखास केंद्रक म्हणून वहीत काढतात! डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) थोडा बंद केलात की केंद्रकी, म्हणजे केंद्रकातला छोटा दाट गोळा, तीसुद्धा ठिपक्यासारखी दिसेल. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोझोमचे भाग तिथेच तयार होतात.

नॅनोमीटर: छिद्रांचं गणित सोपं आहे. प्रकाश सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, आणि छिद्राची अख्खी रचनाच सुमारे १२० नॅनोमीटर रुंद. केंद्रकाचं दुहेरी आवरणही म्हणूनच एकेरी रेघ दिसतं. भिंग वाढवून उपयोग नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. ही नुसती भोकं नाहीत, हे मात्र मुलांना सांगा. सुमारे ४० किलोडाल्टनपेक्षा (हे रेणूच्या वजनाचं एकक) लहान रेणू आपसूक जातात. मोठ्या प्रथिनांना आत येण्यासाठी स्वतःच्या साखळीत ओळखखूण लागते. प्रथिनं बनवण्याचा संदेश नेणारा संदेशवाहक आरएनए इथूनच बाहेर पडतो.

रक्तपेशी: वरच्या दोघांना +१. ‘केंद्रक पेशीचं नियंत्रण करतं’ हे पाठ करून घेण्यापेक्षा कोंबडीच्या रक्ताची स्लाइड दाखवा. तिच्या लाल पेशींत केंद्रक असतं, माणसाच्या पक्व लाल पेशींत नसतं. म्हणून आपली लाल पेशी नवी प्रथिनं बनवू शकत नाही आणि सुमारे १२० दिवसांत संपते. पातळ लेप हवेत पूर्ण वाळवा, लीशमन स्टेन (रक्तपेशी रंगवायचा रंग) २ मिनिटं, त्यावर दुप्पट बफर पाणी (आम्लता स्थिर ठेवणारं) घालून ८-१० मिनिटं, मग धुवा. स्टेन मिथेनॉलमध्येच असतो, वेगळं फिक्सिंग (पेशी काचेवर पक्क्या करणं) नको. हातमोजे मात्र हवेतच.

काचपट्टी: स्क्रू फिरवल्यावर एका ओळीत सातपैकी सहा सापडली! सातव्या पेशीत बुडबुडा निघाला.