मदत हवी आहे: ट्रकचालकांना एचआयव्ही तपासणीचे मेसेज जातात, पण कोणी येत नाही

हमरस्ता: आमची छोटी संस्था महामार्गावरच्या ट्रक अड्ड्यावर काम करते. चालकांना मोफत तपासणीचे एसएमएस पाठवतो. मेसेज पोचतात, पण केंद्रावर कोणी फिरकत नाही. दोघांनी तर फोन करून शिव्या दिल्या. मजकुरात काय बदलू? पुढचे मेसेज गुरुवारी जायचेत.

सुलभा_क: आधी मजकूर तरी टाका! भाषा कोणती? नंबर कुठले?

हमरस्ता: मराठी. 'एचआयव्ही तपासणी मोफत. रुग्णालयात या.' नंबर डोळे तपासणीच्या शिबिरातले.

कोडवाला: देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरंच मिळतात. ॲप काढा, मी बनवून देतो.

जुना_समुपदेशक: ॲप कोण उतरवून घेणार? फोन घरी गेला की बायकोमुलांच्या हातात. स्क्रीनवर 'एचआयव्ही' दिसलं की घरात संशय, म्हणून शिव्या. मिस्ड कॉल द्यायला एक नंबर ठेवा, माणूस आपणहून विचारेल. दक्षिण आफ्रिकेत २००८ च्या सुमारास बॅलन्स नसताना लोक पाठवायचे त्या 'मला फोन कर' या फुकट मेसेजच्या उरलेल्या जागेत एड्स हेल्पलाइनचा नंबर घालत. तिकडे फोन खूप वाढले होते.

कोडवाला: ॲपला पासवर्ड ठेवता येतो.

जुना_समुपदेशक: पण नाव तर दिसतंच ना स्क्रीनवर!

सुलभा_क: डोळ्यांसाठी दिलेला नंबर यासाठी वापरायला त्यांची परवानगी घेतली होती का? आणि निम्मे चालक उत्तर भारतातले असतील, त्यांना मराठी मेसेज का?

हमरस्ता: कोणाचा निकाल थोडाच पाठवतोय! निकाल गुप्त ठेवायचा २०१७ चा एचआयव्ही कायदा माहीत आहे मला.

सुलभा_क: निकाल नसला तरी ज्याला मेसेज गेला त्याला त्रास झालाच ना.

आशा_पाटील: लागण निघाली तरी घाबरू नका. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, औषधं मोफत आहेत. नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की संबंधातून पसरत नाही.

कोडवाला: ताई, प्रश्न मेसेजचा आहे.

जुना_समुपदेशक: उलट हेच सांगायला हवं! निकालाच्या भीतीनेच लोक येत नाहीत. 'फुकट' म्हटल्याने ती जात नाही. १०९७ हा सरकारी एड्स हेल्पलाइनचा नंबरही द्या, तिथे नाव न सांगता बोलता येतं.

सुलभा_क: हमरस्ता, केंद्र किती वाजेपर्यंत उघडं असतं?

हमरस्ता: दुपारपर्यंत. गाड्या संध्याकाळनंतर लागतात.

जुना_समुपदेशक: मग मजकूर बदलून काय होणार? जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कार्यालयाला विचारा, अड्ड्यावरच संध्याकाळी बोटातल्या थेंबाची प्राथमिक चाचणी ठेवता येईल का. ती प्रतिक्रियाशील निघाल्यास, म्हणजे लागणीची शक्यता दिसल्यास, पक्क्या निदानासाठी केंद्रात न्यावंच लागेल, तेव्हा सोबत कोण जाणार तेही ठरवा. मेसेज हिंदीतही, आणि फक्त: 'आज ७ वाजता अड्ड्यावर आरोग्य तपासणी.' एचआयव्हीचं तिथे समोरासमोर सांगा, आणि त्याने हो म्हटल्यावरच रक्त घ्या.

हमरस्ता: गुरुवारचे मेसेज थांबवतो. कार्यालयात उद्याच जातो. अर्जाचा नमुना कोणाकडे आहे का?