मेल आला की टास्क, टास्क आला की कॅलेंडरवर ठोकळा

रात्रपाळी: काल इथे कुणीतरी लिहिलं, मेल-कॅलेंडर-टास्क जोडले की पाठपुरावा करावाच लागत नाही. राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे क्लायंटच्या मेलचं आपोआप टिकीट, म्हणजे टूलमधली कामाची नोंद, बनतं, माझ्या नावावर पडतं आणि कॅलेंडरवर दोन तास अडवतं. परवा त्याने नुसतं "थँक्स" लिहिलं. त्याचंही टिकीट, मुदत सहाची. मी बंद करायला विसरले, आढाव्यात लाल रंगात माझं नाव. न विचारता नावावर टाकलेलं काम म्हणजे असाइनमेंट नव्हे.

घाटावरचा: दोष नियम लिहिणाऱ्याचा. मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक माहितीत, इन-रिप्लाय-टू असतं, हा मेल कुठल्या मेलचं उत्तर आहे ते सांगणारं. ते बघून उत्तर जुन्याच टिकिटाला जोडायचं. आमच्याकडे आधी सीसीत चौदा जण असायचे आणि काम कुणाचंच नसायचं. आता निदान एक नाव असतं.

लेखाविभाग: नाव असतं, होकार कुठे असतो? कॅलेंडरची माहिती एका टूलमधून दुसऱ्यात नेण्यासाठीच्या १९९८ च्या आयकॅलेंडर मानकात मीटिंगसाठी व्हीइव्हेंट नावाचा नोंदीचा प्रकार आहे, तसा कामासाठी व्हीटूडू आहे. ज्याला काम दिलं तो स्वीकारू शकतो, नाकारू शकतो, दुसऱ्याकडे सोपवू शकतो. मग आपल्या टूलमध्ये "नाही" म्हणायचं बटण का नसतं?

वाशी_लोकल: त्याआधी वेळ तरी नीट धरा! न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचं घड्याळ तासाने पुढे गेलं की आपल्याकडे रात्री साडेआठऐवजी साडेसातला येते. कॅलेंडर सरकलं, टास्कची मुदत रात्री आठलाच राहिली. मी पावणेआठला रिपोर्ट दिला, टूलच्या हिशेबात वेळेत. मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं रिकाम्या स्लाइडकडे बघत बसलो होतो.

घाटावरचा: सगळं यूटीसीत, म्हणजे कधीच न सरकणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, साठवा, प्रश्न मिटला.

वाशी_लोकल: मिटत नाही, तिथूनच सुरू होतो! दर आठवड्याची मीटिंग यूटीसीत बांधली तर न्यूयॉर्कचे दहा अकरा होतात. वेळेसोबत टाइमझोनचं नाव साठवावं लागतं. त्यात लंडनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं. मधले दिवस तिन्ही ऑफिसं सांभाळून बघा, मग सल्ले द्या.

घाटावरचा: आवाज चढवू नका. एकदाच घडणाऱ्या गोष्टीला यूटीसी चालतं. दर आठवड्याच्या मीटिंगला नाही, हे मान्य.

रात्रपाळी: घड्याळावरून भांडून झालं असेल तर माझं टिकीट? इन-रिप्लाय-टूचं पटलं, उद्या अ‍ॅडमिनला सांगते. पण तेवढ्याने "थँक्स" थांबेल. शुक्रवारी पावणेसहाला येणारं नवं काम मी हो म्हणायच्या आधीच माझं झालेलं असेल, त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.