पत्र्यावरची सेफगार्ड ड्युटी: नोकऱ्या वाचतात कुणाच्या आणि जातात कुणाच्या?

पंच_आणि_डाय (प्रश्न)

एचआर (हॉट रोल्ड), सीआर (कोल्ड रोल्ड), प्लेट, गॅल्व्हनाइज्ड, कलर कोटेड अशा फ्लॅट स्टीलवर, म्हणजे पत्र्यावर, २१ एप्रिल २०२५ पासून १२% सेफगार्ड ड्युटी लागली, म्हणजे वाढत्या आयातीपासून देशी उद्योग वाचवायला लावलेलं तात्पुरतं जादा आयातशुल्क. आधी २०० दिवसांपुरती होती. २०२५च्या डिसेंबरअखेर ती तीन वर्षांसाठी पक्की झाली: पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी ११.५, तिसऱ्या वर्षी ११ टक्के. स्टील प्लांटना आधार मिळाला हे उघड आहे. पण टनामागे माणसं जास्त लागतात ती प्रेस शॉपला (पत्रा कापून-दाबून पार्ट काढणाऱ्याला), फॅब्रिकेशनला, रॅक-कपाटं बनवणाऱ्यांना, म्हणजे चाकण, भोसरी, वाळूज, अंबडमध्ये जे चालतं त्या कामाला.

'देशी उद्योग वाचवा' आणि 'बाजार खुला करा' या दोन्ही घोषणा बाजूला ठेवू. पत्रा विकत घेणाऱ्या लहान कारखान्याला या ड्युटीचा फटका किती, हे कागदावर नेमकं कसं काढायचं? आणि तिथल्या रोजगाराबद्दल त्यावरून काही ठामपणे सांगता येतं का?

आयातशुल्क

नुसता शुल्काचा दर बघून काही कळत नाही. तयार मालावर किती शुल्क आणि कच्च्या मालावर किती, या दोन्हींतून कारखान्याच्या स्वतःच्या हिश्श्याला (मजुरी, वीज, व्याज, नफा) काय उरतं ते काढायचं. १९६६ मध्ये मॅक्स कॉर्डन यांनी हे गणित नीट मांडलं. त्याला परिणामकारक संरक्षण म्हणतात.

उदाहरण धरू. शुल्क नसतानाच्या जागतिक भावाने पार्टची किंमत १०० रु., त्यात पत्रा ६०, कारखान्याचा हिस्सा ४०. पत्र्यावर मूळ सीमाशुल्क ७.५%, त्यावर १०% समाजकल्याण अधिभार, म्हणजे ८.२५%. सेफगार्डवर अधिभार लागत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षाचे १२% मिळवून एकूण २०.२५%. (आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, धरायचा नाही, त्याचं क्रेडिट मिळतं.) आयात होणाऱ्या तयार पार्टवर १०% मूळ शुल्क धरलं तर अधिभारासह ११%.

सेफगार्डच्या आधी: १११ − ६४.९५ = ४६.०५. हिस्सा ४० चा ४६ झाला, संरक्षण अधिक १५%.
सेफगार्डनंतर: १११ − ७२.१५ = ३८.८५. संरक्षण उणे ३%.
तोच पार्ट मुक्त व्यापार करारातून शून्य शुल्काने आला तर: १०० − ७२.१५ = २७.८५. उणे ३०%.

पत्र्याला कुंपण आणि पार्टला दार उघडं, असा हा उलटा शुल्कढाचा आहे. आसियान, जपान, कोरिया यांच्याशी २०१०-११ पासून करार आहेत. त्यांतून पार्ट कमी किंवा शून्य शुल्काने येऊ शकतो, पण जपान-कोरियाच्या पत्र्यावर सेफगार्ड मात्र लागतेच. तुमच्या पार्टचा एचएस कोड (सीमाशुल्कासाठीचा वर्गीकरण क्रमांक) घेऊन करारातला दर तपासा, आपलं उत्तर उणे ३ आहे की उणे ३०, हे तिथे ठरतं.

एक मेख आहे: देशी पत्रा पूर्ण २०.२५% महाग होतो असं इथे गृहीत धरलंय. देशी मिलमध्ये स्पर्धा असेल, मागणी मंद असेल, तर तेवढा होत नाही.

ब्लँकिंग_टन

वरचं गणित बरोबर, पण प्रेस शॉपमध्ये एक गोष्ट निसटते: स्क्रॅप.

समजा पार्टचं निव्वळ वजन १ किलो आणि ग्रॉस, म्हणजे त्यासाठी लागणारा एकूण पत्रा, १.४ किलो. एचआर ५२ रु. किलो, म्हणजे ७२.८०. स्क्रॅप ०.४ किलो, ३२ च्या भावाने १२.८०. निव्वळ पत्रा ६० रु. आता सेफगार्डने पत्रा साधारण ११.१% वाढून ५७.७७ झाला. (१२ टक्के नाही. ८.२५% आधीच भावात आहे, म्हणून १२ भागिले १०८.२५.) ग्रॉस खर्च ८०.८८ झाला. स्क्रॅप मात्र ३२ लाच जातो, कारण तो वितळवायला जातो आणि त्याचा भाव एचआरबरोबर हलेलच असं नाही. निव्वळ खर्च ६८.०८. म्हणजे ११ टक्क्यांची वाढ अंगावर येताना साडेतेरा टक्के होते. नेस्टिंग (पत्र्यावर पार्ट बसवायची मांडणी) जितकं वाईट तितका हा फरक मोठा. गोल ब्लँक कापणाऱ्यांनी तर हे गणित मांडायलाच हवं.

दुसरं दुखणं रोखीचं. रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये स्टीलचा भाव तिमाहीनं सुधारत असेल, तर मधले तीन महिने फरक तुमच्या खिशातून जातो. महिन्याला १०० टन ग्रॉस पत्रा घेतला तर किलोमागे ५.७७ रुपयांनी ५.७७ लाख, तिमाहीचे १७.३१ लाख. हे पैसे पुढे सप्लिमेंटरी (फरकाच्या) बिलातून मिळतीलही, पण बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा आज भरते. पहिली कात्री मग कंत्राटी पाळीलाच लागते. म्हणून कॉन्ट्रॅक्टमधल्या अमेंडमेंटच्या (भाव सुधारण्याच्या) कलमात तीन गोष्टी लेखी हव्यात: कुठला निर्देशक भाव धरायचा, तो ग्रॉस वजनाला लागू की निव्वळ, आणि स्क्रॅपचा दर कधी बदलणार. दुसरी गोष्ट राहून गेली की खरेदीदार निव्वळ वजनावरच वाढ देतो.

तापलेली_भट्टी

दोन्ही उत्तरं पत्रा घेणाऱ्याच्या बाजूची झाली. आता दुसरी बाजू.

चीननं २०२४ मध्ये ११ कोटी टनांहून जास्त पोलाद निर्यात केलं. त्याच वर्षी भारताचं सगळं उत्पादन १५ कोटी टनांच्या आसपास होतं. तिथली घरबांधणी मंदावली आणि उरलेला माल बाहेर निघाला. हा भाव कार्यक्षमतेचा नाही, तुंबलेल्या मालाचा आहे.

आणि ब्लास्ट फर्नेस (लोखंड वितळवून काढायची भट्टी) म्हणजे पॉवर प्रेस नव्हे, की ऑर्डर नाही तर बटण बंद. भट्टी थंड पडली की आत लोखंड आणि स्लॅग (मळी) गोठतं, रिफ्रॅक्टरी (उष्णतारोधक) अस्तराला तडे जातात. कोक ओव्हनचं (कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्यांचं) तर आणखी वाईट, एकदा गार झालेली बॅटरी, म्हणजे या भट्ट्यांची रांग, बहुतेक वेळा नव्यानेच बांधावी लागते. इंग्लंडात रेडकारचा पोलाद प्रकल्प ऑक्टोबर २०१५ मध्ये बंद झाला, सुमारे २,२०० जणांचं काम गेलं, आणि पुढे भाव सुधारले तरी तो उठला नाही. स्वस्त पत्र्याची चार वर्षं आणि कायमची गेलेली क्षमता यांची तुलना एका पार्टच्या कॉस्टिंगवर करता येणार नाही.

शिवाय या ड्युटीला किमतीची मर्यादा आहे. एचआर कॉइलची सीआयएफ किंमत (विमा-भाड्यासह बंदरापर्यंतची) टनाला ६७५ डॉलर किंवा जास्त असेल तर सेफगार्ड लागत नाही. म्हणजे देशी मिलना मनाला येईल तसा भाव चढवता येत नाही.

आयातशुल्क

रेडकारचा मुद्दा मान्य. पण त्या ६७५ च्या मर्यादेनंच एक विचित्र कडा तयार होतो. ६७० डॉलरचा माल २०.२५% धरून साधारण ८०६ ला पडतो, आणि ६७५ चा ८.२५% धरून ७३१ ला. ७३१ ला १.२०२५ ने भागा, ६०८ येतात. म्हणजे ६०८ ते ६७५ च्या पट्ट्यात विकणाऱ्या परदेशी मिलला भाव ६७५ करून टाकणंच परवडतं. वरचा पैसा तिच्याकडे जातो, आपल्या तिजोरीत नाही. या पट्ट्यात ही ड्युटी शुल्क म्हणून कमी आणि किमान आयात किंमत म्हणून जास्त काम करते.

१२, ११.५, ११ या पायऱ्यांबद्दलही बोलतो. वर्षाहून लांबणारी सेफगार्ड टप्प्याटप्प्यानं सैल करावी लागते, असा डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटनेचा) नियम आहे. अर्ध्या टक्क्याची पायरी म्हणजे नियमापुरतं पाणी शिंपडणं.

रोजगार_मोजणारा

प्रश्नाचा दुसरा भाग कुणी घेतलाच नाही. रोजगाराचं सगळ्यात नीट मोजलेलं उदाहरण अमेरिकेचं आहे. मार्च २०१८ मध्ये तिथे पोलादावर २५% आणि ॲल्युमिनियमवर १०% शुल्क लागलं. पोलाद वापरणाऱ्या उद्योगांतल्या नोकऱ्या पोलाद बनवणाऱ्यांच्या साधारण ८० पट आहेत. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या, फेडरल रिझर्व्हच्या, फ्लाएन आणि पिअर्स या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये, फक्त पोलादावरच्या नव्हे तर २०१८ पासूनच्या एकूण नव्या शुल्कांचा कारखान्यांतल्या रोजगारावरचा परिणाम तीन वाटांनी वेगळा केला: संरक्षणानं किंचित वाढ, महागलेल्या कच्च्या मालानं घट, इतर देशांच्या प्रतिशुल्कानं घट. बेरीज उणे आली.

वॉशिंग मशीनचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. २०१८च्या शुल्कानंतर मशीन सुमारे १२% महागली. ड्रायरवर शुल्क नव्हतं तरी तोही तेवढाच महागला, कारण दुकानात जोडी विकली जाते. नवे रोजगार सुमारे १,८०० आले, आणि ग्राहकाच्या खिशातून गेलेला पैसा बघता एका नोकरीचा खर्च वर्षाला ८ लाख डॉलरच्या वर.

पण यावरून 'खुला व्यापार म्हणजे नोकऱ्या सुरक्षित' असंही ठरत नाही. २००० मध्ये अमेरिकी कारखान्यांत १.७ कोटी लोक होते, २०१० मध्ये १.१५ कोटी. त्यात मंदी आणि यंत्रं दोन्ही आहेत, तरी चिनी आयातीचा वाटा मोठा होता. ज्या गावांचं काम गेलं तिथे दुसरं काम आलं नाही, हे ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलंय. मजूर पत्र्यासारखा ट्रकवर चढवून दुसऱ्या जिल्ह्यात नेता येत नाही.

माझं मत: संरक्षण द्यायचंच तर पत्र्यापासून पार्टपर्यंत चढत्या क्रमानं द्या. आज मधल्याच पायरीवर खड्डा आहे.

निर्यात_डेस्क

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. माल निर्यात होत असेल तर ॲडव्हान्स ऑथोरायझेशन, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी कच्चा माल शुल्काविना आणायचा परवाना, घ्या. त्यावर आणलेल्या पत्र्याला मूळ शुल्कही नाही आणि सेफगार्डही नाही. मूल्यवर्धन किमान १५% लागतं, आयातीला १२ महिने आणि निर्यात पूर्ण करायला १८ महिने मिळतात. एसआयएमएसवर (पोलाद आयातीच्या सरकारी पोर्टलवर) नोंदणी विसरू नका, आणि त्या ग्रेडला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) अट तुमच्या आयातीला लागू आहे का, आणि असेल तर परदेशी मिलकडे परवाना आहे का, ते ऑर्डरआधी तपासा. माल बंदरात अडकला की डेमरेज (बंदरातलं विलंबभाडं) ड्युटीपेक्षा जड जातं.

लोक फसतात ते वेस्टेजमध्ये. अर्जात पार्टच्या किलोमागे १.४ किलो पत्रा मागितला आणि नॉर्म्स कमिटीनं (किती माल लागतो ते ठरवणाऱ्या सरकारी समितीनं) १.२५ मंजूर केले, तर वरच्या ०.१५ ची ड्युटी व्याजासकट भरावी लागते. नेस्टिंगचं ड्रॉइंग आणि चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी जोडा.

पंच_आणि_डाय

आणि कारखाना स्वतः निर्यात करत नसेल, फक्त निर्यातदाराला पार्ट देत असेल तर?

निर्यात_डेस्क

दोन रस्ते. निर्यातदाराच्या परवान्यावर सपोर्टिंग मॅन्युफॅक्चरर (सहउत्पादक) म्हणून तुमचं नाव घालून घ्यायचं, म्हणजे त्यानं आणलेला पत्रा थेट तुमच्याकडे येतो. किंवा त्याचा परवाना तेवढ्या मालापुरता इनव्हॅलिडेट करून घ्यायचा, म्हणजे तो माल थेट आयात करायचा त्याचा हक्क रद्द होतो, आणि त्या रद्दतेच्या लेटरच्या आधारे तुम्ही स्वतःचा इंटरमीडिएट परवाना (निर्यातदाराला पार्ट पुरवणाऱ्यासाठीचा) काढायचा. पहिला रस्ता सोपा आहे, पण स्टॉकचा हिशेब फोर-एच रजिस्टरमध्ये (या परवान्यावरच्या मालाच्या वापराची नोंदवही) वेगळा ठेवा. ड्युटी-फ्री कॉइल आणि देशी कॉइल एकाच रॅकवर मिसळल्या, तर परवाना बंद करताना (क्लोजरच्या वेळी) कुठला पत्रा कुठल्या पार्टला गेला ते दाखवता येत नाही.