मालक दूर, मध्ये एजन्सी आणि सिंकखाली बादली

तिसरा_मजला:
मी भाड्याने राहते त्या घरात सिंकखालचा पाइप गळतोय, त्याला ७ आठवडे झाले. मालक परदेशात, घर एजन्सीकडे. रोज सकाळी आणि झोपण्याआधी बादली उपसते. प्लंबर दोनदा आला आणि दोन्ही वेळा जॉइंटला पांढरं सिलिकॉन फासून गेला. दुसऱ्यांदा टॉर्च मीच धरला होता. आतला वॉशर कडक होऊन चिरलाय हे मला दिसलं, त्यालाही दिसलं. "बदलायला सांगितलेलं नाही, मॅडम." एजन्सीचं उत्तर ठरलेलं: मालकांना मेल केलाय, कळवतो. तोवर कपाटाचा तळ फुगून दार लागेनासं झालंय.

माझं म्हणणं असं की ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती एजन्सीने मालकाला न विचारता करावी, आणि ती रक्कम भाडेकरूलाही माहीत असावी. नाहीतर नक्की अडवतंय कोण, हेच आम्हाला कळत नाही.

दूरचा_मालक:
अजिबात पटलं नाही. मला गीझर बदलल्याचं बिल आलं. फोटोत निळ्या टाइल्स, माझ्या बाथरूममध्ये पांढऱ्या. विचारलं तर म्हणे चुकून दुसऱ्या घराचा फोटो गेला. जुना गीझर? भंगारात दिला. आधी मीही खर्चाची मर्यादा लिहून दिली होती. त्यानंतर प्रत्येक बिल त्या मर्यादेच्या जेमतेम खाली यायला लागलं. आम्ही उंटावरून शेळ्या हाकतो असं सगळे म्हणतात, पण डोळे झाकून सही करणं हा त्यावर उपाय नाही.

चाव्यांचा_जुडगा:
६ वर्षं एजन्सीत दुरुस्तीचं काम बघितलंय, म्हणून लिहितो. आमची कमाई भाड्याच्या टक्क्यांवर होती. नळ दुरुस्त झाला म्हणून एक पैसा जास्त मिळत नसे. फोन, चावी, वेळ जुळवणं हे सगळं फुकटात. म्हणून काही ठिकाणी प्लंबरच्या बिलावर टक्का चढवतात. करारात लिहून घेतला तर मला गैर वाटत नाही. लपवून घेतला तर ती सरळ चोरी आहे.

आणि मेल कसा जातो तेही बघा. "सिंक गळतंय, काय करू?" फोटो नाही, कारण नाही, खर्चाचा अंदाज नाही. यावर मालक काय ठरवणार? हे तिन्ही देऊन "परवा संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर काम करून घेतो" असं लिहिलं की उत्तरं यायची. पाणी धो धो वाहतंय, वायर जळतेय, गॅसचा वास येतोय, बाहेरच्या दाराचं कुलूप तुटलंय, अशा वेळी मात्र आधी काम, मग मेल.

ओली_भिंत:
गळती निदान दिसते तरी. ओल आली की खापर थेट भाडेकरूवर, "खिडक्या उघडत नाही म्हणून". भिंतीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर घरातली वाफ. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. मी दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले, तेव्हा कुठे माणूस आला.

दूरचा_मालक:
मर्यादा पुन्हा देईन, पण काढलेला जुना भाग घरातच ठेवायचा, फोटोत आजूबाजूची खोली दिसली पाहिजे आणि बिल प्लंबरचं स्वतःचं हवं. टक्का करारात लिहून घेणंही मला मान्य नाही. दुरुस्त्या बघायच्या म्हणूनच तर दर महिन्याला एजन्सीला पैसे देतो.

तिसरा_मजला:
जुना वॉशर मी स्वतः डबीत घालून ठेवीन. पण मग मर्यादेच्या वरच्या कामासाठी तुम्हीही उत्तराची मुदत लिहून द्या. ४८ तास.

दूरचा_मालक:
मी प्रवासात असलो तर? ७२.

तिसरा_मजला:
७२ तास म्हणजे ६ वेळा बादली. मुदत कागदावर असेल तर तेवढ्या उपसेन.