स्नेक प्लांटमुळं घरात जनावर येतं का? आत्याबाई झाड टाकून दे म्हणतात

दुधनाकाठची (सेलू):
आमचं घर गावाबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये. मागच्या भिंतीला लागूनच सोयाबीन. गेल्या वर्षी परभणीच्या नर्सरीतून दीडशे रुपयांना स्नेक प्लांट आणलं. आत्याबाईंनी (माझ्या सासूबाई) नाव विचारलं आणि मी भोळेपणानं सांगितलं, 'सापाचं झाड'. झालं! आमच्याकडं दिवस मावळला की त्याचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणायचं, नाहीतर 'लांबडं'. नाव घेतलं की येतं म्हणे. आणि सुनेनं तर त्याच्या नावाची कुंडीच दारात मांडली.

तरी वर्ष निघालं. पंचमीच्या आदल्या रात्री ओटा धुवायला कुंडी सरकवली तर खालून हातभर लांबीचं, काळपट तपकिरी, पांढऱ्या पट्ट्यांचं निघालं आणि सरसर भिंत चढून पाइपमागं गेलं. आत्याबाई म्हणतात मण्यार. शेजारचे भाऊजी म्हणतात, उलट या झाडाच्या तलवारीसारख्या पानांना साप भितात, अजून दोन कुंड्या आणा. कुणाचं ऐकू?

सर्पमित्र_औसारोड (लातूर):
ताई, दोघांचंही ऐकू नका. अठरा वर्षं लोकांच्या घरातून साप काढूलालो, झाडाच्या नावावर आलेला एकबी भेटला नाही. साप येतो उंदरामागं, बेडकामागं, पालीमागं. पावसात बिळात पाणी शिरतं, मग कोरडा आडोसा शोधतो. कुंडीखालची फट म्हणजे त्याला आयतं घर. तिथं तुळस असती तरी हेच झालं असतं.

फोटो नाही म्हणून छातीठोक सांगत नाही, पण भिंत चढलं म्हणता तर माझा कल कवड्याकडं. तो बिनविषारी, बल्बाजवळच्या पाली खायला भिंतीवर फिरतो. कवड्याचे पट्टे मानेकडं ठळक आणि शेपटीकडं विरत जातात. मण्यारीचं उलटं, मानेकडं पुसट, मागं ठळक. पण हे बघायला वाकू नका! ओळख पटली नाही तर मण्यारच समजून लांब व्हा.

जमिनीवर अंथरूण टाकणं बंद करा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्याला चावते आणि दुखतबी नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. अशा वेळी मारुतीच्या पारावर नेऊन तास घालवू नका, थेट सरकारी दवाखाना. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालते. कोणता चावला हे सांगायला साप मारून न्यायची गरज नाही.

कुंडीवाली_परभणी:
झाडाची बाजू मी घेते. ते मूळचं पश्चिम आफ्रिकेचं, नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या पट्ट्यातलं. नाव पडलं पानावरच्या आडव्या नागमोडी पट्ट्यांवरून, बाकी सापाशी घेणंदेणं नाही. त्याच भागातल्या जंगलात गॅबून वायपर राहतो, आपल्या घोणशीच्या कुळातला, त्याचे विषदंत 5 सेंटिमीटरपर्यंत. तो पाचोळ्यात पडून राहतो, पाचोळ्यासारखाच दिसतो. त्याला लपायला तुमची कुंडी नको.

गंमत सांगते. शास्त्रज्ञांनी अलीकडं याला सॅन्सेव्हिएरियातून काढून ड्रासीनात घातलं. ड्रासीना म्हणजे ग्रीकमध्ये ड्रॅगनीण, नागिणीचीच थोरली बहीण. आत्याबाईंना हे सांगू नका.

कुंडी विटांवर उचला, खाली हवा खेळू द्या. पाणी माती पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर मातीतला गड्डा सडतो. पानं शेळी-कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, उलट्या होतात. आणि पिवळ्या काठाचं असेल तर पान कापून लावू नका, नवीन रोप बिनकाठाचं निघतं. बुडातलं पिल्लू वेगळं करा.

उदगीरचा_पाहुणा:
ताई, याच झाडाला इंग्रजीत 'सासूची जीभ' म्हणतात. 🙏 जपून.

दुधनाकाठची (सेलू):
दादा, तुमचं वाचून मागची पडवी आवरली. बारदान्याच्या थप्पीमागं उंदराची चार पिल्लं निघाली. मागच्या हंगामाचं हरभऱ्याचं पोतं मीच तिथं ठेवलं होतं, म्हणजे जनावराला आवतण माझंच. ते पोतं आता कोठीत गेलं. पाहुणे, तुमचं नाव घरात सांगितलेलं नाही.

आत्याबाई म्हणाल्या, झाड राहू दे पण नाव बदल. पिवळा काठ बघून त्यांनीच नाव ठेवलं, 'जरीकाठी'. काल जाऊबाईंना म्हणत होत्या, जरीकाठीला पिल्लू आलं की तुला देते. कुंडी विटांवर चढवली. पाइपमागं मात्र अजून कुणी हात घातलेला नाही. दादा, सेलूकडं तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?