बडोदा: तीन कमानींचा जुना विटांचा पूल पायी आणि सायकलसाठी करायचाय, वरून स्लॅब टाकावा का?

नाल्याकाठी
नमस्कार मंडळी. विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या एका नाल्यावर गायकवाडी काळातला विटांचा पूल आहे. शेजारी नवा पूल झाल्यामुळे यावरची वाहनं बंद झाली आहेत. आता तो चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी दुरुस्त करायचं घाटतंय.

कमानी तीन, प्रत्येकीचा गाळा ४.५ मी., माथ्यापर्यंत उंची १.५ मी. कठड्यांच्या आत रुंदी ४.२ मी., बाहेरून ५ मी. डांबरावर डांबर चढून थर २० सेंमी झालाय, त्यामुळे कठडा जेमतेम ७० सेंमी उरलाय. मधल्या कमानीच्या पोटाला (खालच्या बाजूला) दोन भेगा आहेत: एक कठड्याच्या खालून रस्त्याच्या दिशेने जाणारी, दुसरी माथ्याजवळ आडवी. खालच्या अंगाला पिंपळ उगवलाय.

अंदाजपत्रकात १५० मिमी आरसीसी स्लॅब, पोटाला सिमेंटचा गिलावा, भेगांत सिमेंटचं ग्राउट (आत सोडायचं पातळ मिश्रण) आणि स्टीलचं रेलिंग धरलंय. ९ जुलै २०२५ ला मही नदीवरचा गंभीरा पूल पडला, तेव्हापासून मजबुती म्हटली की सगळ्यांना स्लॅबच आठवतो. हे बरोबर आहे का?

कमानदार
स्लॅब नको. आधी वजनाचा हिशोब बघा. १५० मिमी आरसीसी म्हणजे चौरस मीटरला ३७५ किलो. शहरातल्या पादचारी पुलाला गर्दीचा भार ५०० किलो प्रति चौ.मी. धरतात. म्हणजे माणसं यायच्या आधीच तीन चतुर्थांश गर्दी तुम्ही कायमची उभी करताय. उलट २० सेंमी डांबराचं वजन ४६० किलोच्या आसपास भरतं. ते खरवडून काढलं की जवळजवळ पूर्ण गर्दीएवढी जागा मोकळी होते, आणि कठडाही ९० सेंमीवर येतो.

दुसरं, स्लॅब उन्हात लांबतो. तिन्ही गाळे आणि खांब धरून तो सुमारे १७ मीटर होईल. ३० अंशांच्या फरकाने ५ मिमी वाढणार आणि दर उन्हाळ्यात टोकाच्या भिंतींना ढकलणार. चुन्यातली कमान थोडी हलते आणि सावरते, तिच्या डोक्यावरचा स्लॅब तसा हलत नाही.

पायी पूल म्हणजे हलका पूल, असं मात्र कुणी समजू नये. मोरबीचा झुलता पूल चालणाऱ्यांचाच होता. ३० ऑक्टोबर २०२२ ला तो तुटला आणि १३५ जण गेले. तपासात मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या निघाल्या, आणि लाकडी फळ्यांच्या जागी जड ॲल्युमिनियम बसवलेलं होतं. जुना आधार न तपासता वर नवं वजन चढवलं, हेच तुमच्या अंदाजपत्रकातही होतंय.

आता भेगा. रस्त्याच्या दिशेने जाणारी भेग म्हणजे बाजूची भिंत बाहेर झुकतेय. आतला भराव पाणी पिऊन फुगतो आणि तिला ढकलतो. पाण्याचा बंदोबस्त केल्याशिवाय ही भेग भरली, तर पुढच्या पावसाळ्यात तिच्याच शेजारी दुसरी उघडेल. भिंत ओळंब्यात २५ मिमीपेक्षा जास्त बाहेर असेल तर भरावातून आरपार २० मिमीच्या स्टेनलेस सळया घालून दोन्हीकडे पट्ट्या आवळाव्या लागतील. नट हाताने टाईट करायचे, एवढंच. झुकलेली भिंत ओढून सरळ करायला गेलात तर ती फुटेल.

माथ्याजवळची आडवी भेग जास्त महत्त्वाची आहे. कमान तीन ठिकाणी मोडली तरी उभी राहते, चौथ्या ठिकाणी मोडली की खाली येते. म्हणून दोन्ही खांद्यांवर (माथा आणि खांब यांच्या मधल्या भागावर), वरून, तशाच भेगा आहेत का हे डांबर काढल्यावर बघा. भेगेच्या दोन बाजूंना पितळी खुंट्या बसवा आणि व्हर्नियर कॅलिपरने महिन्यातून एकदा, सकाळी त्याच वेळी अंतर मोजा. दुपारी घेतलेला आकडा फसवतो.

भराव काढायची वेळ आली तर माथ्यापासून सुरुवात करून दोन्हीकडे सारखा काढा, फरक ३० सेंमीच्या वर जाऊ देऊ नका. परत भरताना उलट: खांदे आधी, माथा शेवटी. एका बाजूने जेसीबी लावला तर चांगली कमानही बसेल.

कळीचा चुना
सिमेंटचा गिलावा तर अजिबात लावू देऊ नका, मनापासून विनंती आहे. जुनी वीट मऊ असते, सिमेंट तिच्यापेक्षा कडक. वरून मुरलेलं पाणी पूर्वी सांध्यातल्या चुन्यातून बाहेर पडायचं. सिमेंटने ती वाट बंद झाली की ते विटेतून वाट काढतं, क्षार घेऊन. मग लोणा लागतो, विटेचा पापुद्रा सुटतो. नखाने ओढलं तर लाल भुगा हातात येतो आणि सिमेंटचा सांधा मात्र कड्यासारखा पुढे उभा राहतो. सिमेंटने सांधे भरलेल्या कुठल्याही जुन्या भिंतीवर हे दिसेल.

मिश्रण: विरवलेला चुना १, सुरखी (विटेची भुकटी) १, वाळू १. सुरखी कमी भाजलेल्या विटेची, बारीक चाळलेली हवी. पावसाळ्यात पाण्याशी संबंध येणार असल्याने सुरखी वगळायची नाही. साधा चुना नुसत्या हवेने, फार हळू घट्ट होतो, सुरखीमुळे तो ओलाव्यातही धरतो. कळीचा चुना पाण्यात विरवून किमान दोन आठवडे मुरू द्या, जास्त मुरला तर आणखी चांगला. पिशवीतली हायड्रेटेड पावडर उघडी पडून हवा लागलेली असेल तर घेऊ नका. चुना मळायची घाणी मिळाली तर उत्तम, नाहीतर पॅन मिक्सर. बादलीत थापीने कालवलेलं चालणार नाही.

सांधे सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, कमीत कमी २५ मिमी खोल खरवडा. हातछिन्नीनेच, ग्राइंडर विटेची कड खातो आणि ती परत येत नाही. ब्रशने धूळ काढा, आदल्या दिवशी आणि भरायच्या आधी पाणी मारा. मिश्रण कोरडं-घट्ट असावं, मुठीत गोळा व्हावा पण बोटांना चिकटू नये. एका थरात १५ मिमीपेक्षा जास्त दाबू नका. नंतर ओली गोणपाटं, दोन आठवडे.

३० मिमी खोली धरली तर चौरस मीटरला वाया जाणाऱ्यासकट ६ ते ७ लिटर लागतं. तुमच्या तिन्ही पोटांचं क्षेत्र मिळून ८६ चौ.मी. येतं, म्हणजे ५१५ ते ६०० लिटर. गाडीभर सिमेंटच्या तुलनेत हे काहीच नाही. खर्च मालाचा नाही, कडियाच्या (गवंड्याच्या) हाताचा आहे.

भेगांत चुना-सुरखीचं पातळ ग्राउट, खालून वर, वरच्या टाकीतून आपसूक उतरेल एवढ्याच दाबाने. पंपाचा दाब सैल विटा बाहेर ढकलतो.

पूररेषा
पाण्याचं थोडक्यात. प्रत्येक खांबावर पूर्वी पन्हाळी असणार, डांबराखाली बुजल्या असतील, शोधून उघडा. भरावावर ७५ ते १०० मिमी चुन्याचं काँक्रीट, मधून कडेला ५० ला १ उतार.

पिंपळ ओढून काढू नका, मुळांबरोबर विटा येतात. बुंधा कापा, १२ मिमीची भोकं पाडा आणि ताज्या कापावर लगेच, काही मिनिटांत, ग्लायफोसेट तणनाशक ब्रशने लावा. फवारायचं नाही, खाली पाणी आहे. मूळ मेल्यावर कुजून पोकळी राहते, ती ग्राउटने भरायची. नाहीतर पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

पाया कुणी बघितलाय का? ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांवर गेली होती, तेव्हा या नाल्यातही पाणी तुंबून उलटं चढलं असेल. पाणी ओसरताना खांबाच्या बुडातली माती ओढून नेतं. लोखंडी सळई घेऊन खांबाभोवती दर अर्ध्या मीटरवर टोचून खोली लिहा. खड्डा असेल तर मोठे दगड बसवा, पण तळाच्या पातळीवर. तळ काँक्रीटने उंच केला की खालच्या अंगाला पाणी धबधब्यासारखं पडून नवा खड्डा करतं.

आणि विश्वामित्रीतल्या मगरी. मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावर मातीत अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर निघतात. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. काठ खणण्याआधी वनखात्याला कळवा, आणि खालचं काम नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. चुन्यालाही हेच दिवस मानवतात.

सायकल_अलकापुरी
४.२ मी. रुंदीत पायी आणि सायकल असे पट्टे पाडू नका, दोन्ही अरुंद होतात. एकत्रच ठेवा.

वर ध्रांगध्र्याचा खरबरीत दगड, सांधे ६ मिमीच्या आत आणि रस्त्याला आडवे. उभ्या सांध्यात सायकलचं चाक धरलं जातं. पॉलिश केलेली कोटा फरशी पावसात घसरवते. पुलाच्या तोंडाशी गाड्या अडवायच्या खांबांमधलं अंतर १.२ मी. ठेवा: व्हीलचेअर जाते, रिक्षा अडते. मोटरसायकल अडणार नाही. ती अडवायला नागमोडी फाटक लावलं तर व्हीलचेअरच अडते.

कठडा ९० सेंमी झाला तरी सायकलस्वाराला कमी आहे, एकूण १.२ ते १.४ मी. हवा. पण रेलिंगचे बोल्ट जुन्या कठड्यात मारू नका, कडेची वीट चिरते. आतल्या बाजूला वेगळ्या पट्टीवर खांब उभे करा. दिव्यांची वायरही दगडाखालून, कठडा कोरून नाही.

नाल्याकाठी
सगळ्यांचे खूप आभार. ठेकेदार म्हणतो चुन्याला वेळ लागतो, एकरकमी काम द्या. आणि जुन्या पुलाचा विषय निघाला की भरूचच्या गोल्डन ब्रिजचं उदाहरण देतात सगळे.

कमानदार
गोल्डन ब्रिज १८८१ चा, अहमदाबादचा एलिस ब्रिज १८९२ चा, दोन्ही धातूचे. तिथे प्रश्न गंजाचा आणि रिवेटचा, इथे लागू नाही.

एकरकमी देऊ नका. प्रत्येक बाब मोजून: खरवडणं चौ.मी.वर, ग्राउट लिटरवर, विटा नगावर. करारात एक चौरस मीटरचा नमुना आधी करून घ्यायची अट घाला. तो चार आठवड्यांनी नखाने खरडून आणि पाणी मारून बघायचा, पटला तरच पुढचं काम. आणि खुंट्या उद्याच बसवा, म्हणजे डांबर काढायच्या आधीचे आकडे हाताशी राहतील.