व्यत्यय म्हणजे थांबणं की भलतीकडे वळणं?

शेवंती: नवजात बाळांच्या तपासणीचं पत्रक मराठीत करतेय. 21-हायड्रॉक्सिलेज एन्झाइम जन्मतःच कमी, त्यामुळे मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) नीट बनत नाही. मी लिहिलं 'संप्रेरक-निर्मितीत व्यत्यय'. जाऊबाईंना वाचायला दिलं तर म्हणाल्या, म्हणजे थोड्या दिवसांनी परत सुरू होईल ना? पावसाचा व्यत्यय असतो तसं वाटलं त्यांना. इथे तर गोळ्या जन्मभर. दुसरा शब्द सुचवा ना.

दिगंत: 'व्यत्यय'चा मूळ अर्थ थांबणं नाहीच, उलटापालट असा आहे. पाणिनीचं सूत्रच आहे, 'व्यत्ययो बहुलम्'. आणि या आजारात तेच होतं की, कॉर्टिसॉलसाठीचा कच्चा माल पुरुषी हार्मोनकडे वळतो. चपखल शब्द आहे, बदलू नका.

मिरगाचा पाऊस: दिगंतराव, बाळंतिणीला पाणिनी कशाला? तिला आज जो अर्थ लागतो तोच खरा. सरळ 'बिघाड' लिहा.

लॅबवाली: मी या टेस्ट करते. यात आम्ही कॉर्टिसॉल नाही, त्याच्या अलीकडे साचलेलं 17-ओएचपी, म्हणजे तो कच्चा माल, मोजतो, बाळ दोन दिवसांचं झालं की टाचेचं रक्त फिल्टर पेपरवर घेऊन. म्हणून मला 'तुंबणं' हाच शब्द पटतो. पण 'पातळी वाढली म्हणजे आजार' असं कृपया लिहू नका, पहिल्या दिवशी ती सगळ्याच बाळांची जास्त असते, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तर नंतरही, शिवाय अँटिबॉडीवाली टेस्ट सारख्या घडणीची दुसरी स्टेरॉइडंही त्यातच मोजते, मग मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, परत बघावं लागतं. तोवर आईबापांची झोप उडालेली असते.

मिरगाचा पाऊस: तुंबणं म्हटल्यावर पाटच डोळ्यांपुढे आला. रात्री दारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात सोडताना, वाफ्याचं तोंड ढेकळानं बुजलं की पाणी मागे चढतं आणि शेजारच्या वाफ्यात घुसतं. एक वाफा सुकतो, दुसरा सडतो.

शेवंती: अहो, हेच घालते पत्रकात! पण 'दारं धरणं' सगळीकडे कळेल?

तापीकाठ: आमच्याकडे नाही कळणार. आम्ही 'बारं देणं' म्हणतो.

दिगंत: दोन्ही 'द्वार'मधूनच आलेत. गुजरातीत दाराला बारणुं म्हणतात बघा.

तापीकाठ: नाही पटत. बारं म्हणजे पाळी, बारी. विहिरीत चार भाऊ वाटेकरी, ज्याची बारी त्याचं पाणी. आजोबांच्या तोंडून हेच ऐकलंय.

मिरगाचा पाऊस: मग पिकाला पाणी देण्याला विदर्भात म्हणतात ते 'ओलीत' कुठून आलं?